दोन पायांची रांग

बोरिवलीजवळच्या गावठाणात आगेऱ्याचा सण होऊन गेला होता. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये वाहिल्या गेल्या आणि कापणीला हात लागला. साल सत्तावन्न. युस्टेस कापलेलं भात उचलत होता, तेव्हा त्याच्या घोट्याला साप चावला. साप बांधापलीकडे निघून गेला. कोणी नीट पाहिलाच नाही.

कापणीला आलेला गुणाजी मालवणकडचा. तो धावत जाऊन कडुनिंबाचा डहाळा घेऊन आला. विषारी साप चावला तर निंबाचा पाला कडू लागत नाही, असं त्या गावात सगळेच धरून चालत, किरिस्तावांच्या घरांत आणि कोकणातून आलेल्यांतही.

युस्टेसने मूठभर पाला चावला आणि तोंड वाकडं केलं.

“कडू लागता मां?” गुणाजीने विचारलं.

“तुझ्या तोंडापेक्षा कडू.”

“मगे काय्येक होवचा नाय.”

सगळे हसले. युस्टेसची अकरा वर्षांची मुलगी क्लॅरिस, तीही हसली. युस्टेसने घोट्याला फडकं गुंडाळलं आणि पुन्हा कामाला लागला.

दुपारी पाय गुडघ्यापर्यंत सुजला. त्याची बायको कॉन्सेप्टा डॉक्टरचं नाव काढू लागली, तसा तो वैतागला. “गांधीलमाशी चावली तरी सुजतं. पाला कडू लागला ना? मग झालं. भात आत येऊ दे, मग बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. त्याची थोरली बहीण लूर्डस त्या दिवशी चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला वांद्र्याहून आली होती. ती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. तिने भावाचे दात पाहिले, पाय पाहिला आणि कॉन्सेप्टाला म्हणाली, “गवताची लॉरी जाते ना शहरात? थांबव तिला.”

“बाय, पाला कडू लागला होता,” युस्टेस म्हणाला.

“जीभ चव घेते, युस्टेस. रक्तात काय चाललंय ते तिला काय ठाऊक? ऊठ.”

शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, साप घोणस असावा. त्यांनी विषावरचं सीरम टोचलं. मग लूर्डसला बाजूला घेऊन ते हळू आवाजात बोलले. विष आता पुढे जाणार नाही, पण जे व्हायचं ते पुष्कळसं होऊन गेलंय, मूत्रपिंडं काम करेनाशी झालीत.

क्लॅरिस बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“आंटी, सीरम दिलं ना? मग पपा बरा का होत नाही?”

लूर्डसने आजवर कोणत्याही मुलाचा प्रश्न उडवून लावला नव्हता. ती शेजारी बसली.

“रक्त लाल कशाने दिसतं?”

“लाल पेशींनी.”

“त्या प्रत्येक पेशीला एक पापुद्रा असतो. इतका पातळ की डोळ्याला कधी दिसणार नाही. तो बनतो फॉस्फोलिपिड नावाच्या रेणूंचा. हा बघ एक रेणू.” तिने मूठ वळली आणि दोन बोटं खाली सोडली. “हे डोकं. डोक्याला पाणी आवडतं. हे दोन पाय तेलाचे. त्यांना पाणी नको असतं. आता पेशीच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. मग हे उभे कसे राहतील? तुझे हात दे.”

क्लॅरिसने एका हाताची मूठ वर धरली, दोन बोटं खाली. दुसऱ्या हाताची मूठ खाली ठेवली, बोटं वर. बोटांची टोकं एकमेकांना टेकली.

“पाय आत,” ती म्हणाली. “पाय पायाला लावून लपवायचे. डोकी पाण्याकडे.”

“बरोबर. अशा दोन रांगा, सगळ्या पेशीभोवती. त्यांना कोणी शिवत नाही, कोणी चिकटवत नाही. पाण्यात पडले की आपले आपण उभे राहतात. बारीक भोक पडलं तर सरकून जवळ येतात, बुजवून टाकतात.”

“मग?”

“घोणसीच्या विषात एक पदार्थ असतो. तो प्रत्येकाचा एक पाय तोडतो.” लूर्डसने मुलीचं एक बोट दुमडलं. “एका पायाचा रेणू रांगेत नीट बसत नाही. साबणाचा रेणू असाच असतो, एका पायाचा. साबण तेलाचं काय करतो?”

“धुऊन नेतो.”

“तसंच पापुद्र्याचं होतं. आतलं लाल पाणी बाहेर सांडतं आणि मूत्रपिंडात जाऊन साचतं. सीरम पुढचे पाय वाचवतं. तुटलेले जोडत नाही.”

“नव्या पेशी होतील की.”

“होतात. पण हळूहळू.”



संध्याकाळी नर्सने क्लॅरिसला लूर्डसबरोबर आत सोडलं. कॉन्सेप्टा खाटेपाशी रोझरीची माळ धरून रडत होती. युस्टेसचा चेहरा सुजला होता, शब्द जड निघत होते.

“आंटीने शाळा भरवली होती म्हणे बाहेर? काय शिकलीस?”

क्लॅरिसने दोन्ही मुठी पुढे केल्या, बोटांना बोटं लावली. रेणू कसे उभे राहतात, डोकी कुठे, पाय कुठे, सगळं नीट सांगितलं.

“आणि कोण उभं करतं त्यांना?”

“कोणी नाही, पपा. आपले आपण राहतात. भोक पडलं तर सरकतात नि बुजवतात.”

“आपोआप?”

“हो.”

युस्टेस बायकोकडे वळला. “ऐकलंस? माझं आत शिवणकाम चालू आहे. उगाच रडतेस.”

शाळेत कोणी अर्धं उत्तर देऊन बसू लागलं की लूर्डस त्या मुलीला उभंच ठेवायची, “आणि पुढे?” म्हणून विचारायची. क्लॅरिस तिच्याकडे पाहत उभी राहिली. हात तसेच धरलेले होते, एकही बोट दुमडलेलं नव्हतं.

“बरोबर आहे,” लूर्डस म्हणाली. “बस आता.”

क्लॅरिस खाटेच्या कडेला बसली. युस्टेसने तिच्या मुठीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. पहाटे तो गेला, तेव्हाही ती तिथेच होती.