गिरकी थांबवायची कुणी?

मी मैना. हट्टा गावच्या नामाजीकडची अबलख घोडी. वय सात, की आठ. नामाजी सात सांगतो, त्याची बायको यशोदाबाई आठ, आणि मला स्वतःला खात्री नाही. मला तशी कशाचीच फार खात्री नसते. तेव्हा मी सांगते ते थोडं सांभाळून ऐका.

माळेगावच्या जत्रेत नामाजीनं मला निवडलं. दात पाहिले, खूर उचलून पाहिले आणि मग माझ्या कानामागं अचानक तेलाचा रिकामा डबा बडवला. मी पळाले नाही. "ही चालंल वरातीला," तो म्हणाला. भीतीनं माझे पाय जागेवर गोठले होते, एवढंच खरं. माणसं याला धीर म्हणतात.

वरातीत नुसती चालणारी घोडी हल्ली कुणाला नको असते. तिनं गिरकी घेतली पाहिजे. गिरकी म्हणजे मागचा उजवा पाय जमिनीत रोवायचा आणि बाकी सगळं अंग त्याच्याभोवती फिरवायचं. पाहणाऱ्याला ती मौज वाटते. फिरणाऱ्याला क्षणभर कळत नाही की रस्ता कुठं आहे आणि माणसं कुठं.

हळद वाळवायच्या मोकळ्या जागेवर माझं शिक्षण सुरू झालं. मध्ये खुंटा, खुंट्याला दोर. पहिल्या दिवशी मोठं वर्तुळ, मग रोज दोर हातभर आखूड. नामाजी काठीनं माझ्या डाव्या खांद्याला नुसतं शिवायचा आणि यशोदाबाई डबा वाजवायची. महिन्याभरानं दोर नको झाला. डबा वाजला की मी फिरायची. पाठीवर माणूस म्हणून सोयाबीनचं अर्धं पोतं बांधलेलं असे. पोतं बिचारं गुणी होतं. ते कधी घाबरलं नाही.

थांबायची खूण मात्र वेगळी होती. नामाजी दातांत जीभ दाबून 'च्च' असा बारीक आवाज काढायचा. त्यावर थांबले तर गूळ, आधी थांबले तर पोटरीवर काठी.

"आवो, एवढ्या हळू काहून करून राहिलात?" यशोदाबाईनं एकदा विचारलं. "डीजेमंदी तिला काय ऐकू येणार?"

"वरडून थांबवली तर मग आमी शिकवलं काय? लोकायला वाटलं पायजे, घोडी आपल्या मनानं नाचली न् आपल्या मनानं थांबली."

"न् तुमची चुकचुक न्हाई पोचली तर?"

"पोचते बराबर. तू डबा वाजव."

तिनं डबा वाजवला. मी फिरले. पण त्या दिवसापासून तिचा प्रश्न माझ्या पोटात राहिला. फिरायला कुणीही लावू शकत होतं. थांबवणं एकाच माणसाच्या जिभेवर होतं. छोट्या वरातींत, ताशाच्या आवाजात, 'च्च' कसंबसं कानावर यायचं. प्रत्येक वेळी ते येईपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा.

मग हिंगोलीचं ते लग्न आलं. प्रेमानंद सर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी सपना तलाठी आहे. "नवरदेव घोड्यावर बसतो, मंग मी काहून न्हाई?" असं म्हणून तिनं विहारापर्यंतची वरात घोडीवर ठरवली होती. पांढरी साडी, डोक्यावर निळा फेटा. खोगिरावर बसताना ती हसत होती, पण तिच्या टाचा माझ्या बरगड्यांशी थरथरत होत्या. वरच्या अंगानं हसणारं आणि खालच्या अंगानं घाबरलेलं माणूस मी तोवर पाठीवर घेतलं नव्हतं.

"सर, काळजी करू नका," नामाजी म्हणाला. "लेकरावानी नेतो."

"मी काळजी करत नाही," सर म्हणाले आणि तिसऱ्यांदा खोगिराचा पट्टा चाचपून पाहिला.

चौकात डीजे आला. पोरांनी ताशेवाल्याला माझ्या तोंडापुढं आणलं. ताशा कडाडला आणि माझा उजवा पाय आपोआप रोवला गेला. रस्ता सिमेंटचा, नाल गुळगुळीत. एक गिरकी झाली. दोन झाल्या. लोक ओरडत होते, जमीन हादरत होती. मी कान मागं वळवले, पुढं केले. 'च्च' कुठंच नव्हतं. नामाजीचे ओठ हलताना प्रत्येक फेरीत एकदा दिसायचे. तो खूण करत होता की नुसताच बोलत होता, मला कळेना.

तिसऱ्या फेरीत सपनाचा तोल गेला. डाव्या हातानं तिनं खोगीर धरलं आणि उजव्या हातानं लगाम गच्च ओढला. उजवा लगाम ओढणं म्हणजे आणखी जोरात फीर. हात म्हणत होता फीर, टाचा म्हणत होत्या थांब. हुकूम हाताचा असतो, टाचांचा थरकाप हा हुकूम नव्हे, हे मला चांगलं ठाऊक होतं. माझा मागचा पाय घसरायला लागला होता. आणखी एक फेरी, आणि ती डोक्यावर सिमेंटवर आपटणार.

मी थांबले. चारही पाय रोवून, कुणी न सांगता. सपना पुढं कोलमडली आणि माझ्या मानेवर अडकली. पडली नाही.

"नामाजी, सेल संपला का घोडीचा?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

नामाजी पुढं आला. त्याची काठी वर गेलेली मला दिसली. खूण नसताना थांबले होते, म्हणजे काठी ठरलेलीच. मी पोटरी आखडून उभी राहिले.

"मामा, मारू नका तिला." सपना मानेवरूनच बोलली. "मी चुकीचा लगाम वढला. ती थांबली म्हणून मी अजून वर हाय."

काठी तशीच राहिली, मग हळूहळू खाली आली. त्यानं मला मारलं नाही. गूळही दिला नाही. प्रेमानंद सरांनी मात्र वाजवणाऱ्यांना थांबायचा हात केला, माझ्या लगामाला हात घातला आणि विहारापर्यंत माझ्या बाजूनं चालत आले.

घरी यशोदाबाईनं विचारलं, "कशी झाली वरात?" तो म्हणाला, "खूण बदलावी लागंल." एवढंच.

आता रोज सकाळी तो माझ्या मानेवर तळहात ठेवून मला थांबायला शिकवतो. तळहाताला आवाज लागत नाही. मी शिकते आहे, पण मनातली काळजी काही गेलेली नाही. त्या दिवशी मी बरोबर वागले की चुकले, हे नामाजीनं मला अजून सांगितलेलं नाही. आणि खरं सांगू, पुन्हा तशीच वेळ आली आणि तो तळहात गर्दीत मागं राहिला, तर मी आपल्या मनानं थांबेन की हुकमाची वाट बघत फिरत राहीन, हे मलाही सांगता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. वरातीत माझ्यासारखी कुणी फिरताना दिसली, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा तिच्या कानांकडे पाहा. ते सारखे मागं-पुढं हलत असतील, तर ती नाचत नाहीये. कुणीतरी बास म्हणावं, म्हणून ती ऐकते आहे. तेव्हा तेवढं तुम्ही म्हणा.