एका बटणाचा खेळ

वसईजवळच्या नंदाखाल गावच्या एडवर्ड डिमेलोंच्या घरी कॉम्प्युटर आला तो त्यांच्या मुलासाठी, आग्नेलसाठी. सातवीत असताना या पोराचं चालणं थांबलं. स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार आहे आणि त्यावर औषध नाही, हे मुंबईच्या डॉक्टरांनी एडवर्डना बाजूला घेऊन सांगितलं होतं. शाळा सुटली, क्रिकेट सुटलं. दिवसभर तो ओटीवर खुर्चीत बसून केळीच्या वाडीकडे बघत राहायचा. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. त्याची थोरली बहीण उर्सुला तेव्हा वसईच्या कॉलेजात जात होती आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकत होती. एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर तिनंच हट्टानं घरी आणायला लावला.

पण विकतचे खेळ आग्नेलला जमेनात. बोटं वेळेवर पोचत नसत. चिडून तो कीबोर्ड ढकलून द्यायचा. मग उर्सुलाने स्वतःच एक खेळ लिहायला घेतला. वाडीत शिरलेली वटवाघळं हाकलायची, त्यासाठी कीबोर्डवरच्या बाणांच्या चार बटणांनी इकडून तिकडे पळायचं, बस्स. चित्रं इतकी वाईट होती की वटवाघळं उलट्या छत्र्यांसारखी दिसत.

"बोर आहे," आग्नेल म्हणाला.

"का?"

"मी हरतच नाही. माझ्यावर दया करू नकोस, उर्सु."

ती उठून मागच्या दारी गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. तिनं वटवाघळांचा वेग वाढवला. आग्नेल हरला, पुन्हा हरला आणि कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसला.

पदवी झाल्यावर उर्सुलाला अंधेरीच्या एका कंपनीत गेम डिझायनर म्हणून नोकरी लागली. म्हणजे मुलगी नक्की काय करते, हे तिच्या आईला, अँजेलिनाबाईंना, कधीच नीट सांगता आलं नाही. चर्चबाहेर बायकांनी विचारलं की "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून त्या मोकळ्या व्हायच्या. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलं की उर्सुला आठवडाभर केलेलं काम आग्नेलपुढे ठेवायची. त्याच्याइतका कडक परीक्षक कंपनीत कुणी नव्हता. "इथं उगाच थांबावं लागतं." "हा आवाज डोक्यात जातो." "हे बरंय." त्याच्या तोंडून 'बरंय' निघालं की ती आठवडाभर खूश असायची.

दर काही महिन्यांनी मात्र त्याच्या हातांतलं काहीतरी जायचं. आधी डावा हात गेला. मग वरच्या बाणापर्यंत बोट उचलेना. उर्सुला त्याला काही विचारत नसे. तो कुठलं बटण टाळतो हे बघून ठेवायची आणि पुढच्या खेपेला त्या बटणाची गरजच उरणार नाही असा खेळ करून आणायची. तिला वाटायचं, त्याला कळत नाही.

"आज काय काढलंस?" एका रविवारी त्यानं शांतपणे विचारलं.

तिनं कीबोर्ड त्याच्या उजव्या हाताखाली सरकवला.

"काढ, काढ. पण गंमत काढू नकोस."

शेवटी उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. त्या अंगठ्यासाठी उर्सुलाने खंड्या पक्ष्याचा खेळ केला. घरामागच्या बावखलात, म्हणजे वाडीला पाणी देणाऱ्या जुन्या तळ्यात, एक खंड्या खरोखरच बुडी मारायचा. खेळातही खंड्या फांदीवर बसलेला, खाली मासे फिरताहेत. नेमक्या क्षणी बटण दाबायचं की त्याची बुडी. क्षण चुकला की चोच रिकामी.

मोबाइलवर खेळ यायला नुकती सुरुवात झाली होती. उर्सुलाने तो खेळ कंपनीत दाखवला.

"एकच बटण?" साहेब म्हणाले. "लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. पण खेळून मग हसायला सांगा."

लोक हसले नाहीत. खेळ चालला, फारच चालला. कंपनीने तिला बढती देऊन बंगळूरला जायला सांगितलं. तिनं नाही म्हणायचं ठरवलं होतं. आग्नेल संतापला.

"इथं बसून काय करणार? माझे श्वास मोजणार? जा तू. मला नवीन खेळ कोण देणार मग?"

ती गेली. दर रविवारी फोन करायची. अँजेलिनाबाई रिसीव्हर त्याच्या कानाशी धरून उभ्या राहायच्या.

नाताळला ती घरी आली तेव्हा अंगठाही गेला होता. आग्नेलने तसं सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "आज तू खेळ. मी सांगतो."

ती बटणावर बोट ठेवून बसली. तो पडद्याकडे बघत होता. "थांब... थांब..." मग श्वास घ्यायला थांबला. "मार!" पण मासा केव्हाच पुढे गेला होता. शब्द तोंडातून निघायलाच उशीर होत होता. चार-पाच बुड्या फुकट गेल्यावर तो बोलायच्या जरा आधीच ती बटण दाबू लागली. मासे चोचीत येऊ लागले.

आग्नेलने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "माझ्या शब्दावर दाब," तो म्हणाला.

मग ती त्याच्या शब्दावर दाबत राहिली. जेवायला हाक येईपर्यंत दोघं हरत राहिले.

फेब्रुवारीत त्याच्या छातीत कफ दाटला आणि तो गेला. उर्सुला पोचली ती थेट दफनविधीलाच. त्यानंतरही ती बंगळूरला परतली, कामाला लागली. पण नवा खेळ पुढ्यात आला आणि टीममधल्यांनी "कसा आहे?" असं विचारलं की तिला सांगताच येईना. चांगला की वाईट, काहीच कळेना. वर्षभर रेटून तिनं राजीनामा दिला आणि वसईतल्या एका संस्थेत गेम डिझाइन शिकवू लागली.

मुलांना बंदुका आणि थ्रीडी हवं होतं. तिनं पहिलंच काम दिलं ते असं: आपल्या ओळखीचा एक माणूस निवडा आणि फक्त त्याच्यासाठी खेळ करा. मुलं कुरकुरली, पण कामाला लागली. अर्नाळ्याच्या संकेतने आपले आजोबा निवडले. शांताराम आजोबांना अर्धांगवायू झाला होता, होडीवर जाणं बंद होतं. लाटा सांभाळत होडी किनाऱ्याला आणायचा खेळ तो करत होता आणि त्यात आजोबांचाच आवाज घातला होता.

मध्ये आठवडाभर तो आला नाही. आला तेव्हा डोक्यावरचे केस काढलेले होते. वर्ग सुटल्यावर तो तिच्या टेबलापाशी आला.

"मॅडम, आजोबा गेले. गेम तर अर्धाच झालाय. आता कोणासाठी करू?"

"दाखव कुठवर आलाय," उर्सुला म्हणाली.

त्यानं खेळ लावला. लाट उठली आणि स्पीकरमधून म्हातारा खरखरीत आवाज आला, "पानी बग, पोरा, पानी! मगच वलव!"

संकेतने झटकन तो बंद केला. "हा आवाज काढून टाकू का? घरी आईला ऐकवत नाही."

आग्नेलचं बोट कुठल्या महिन्यात किती उशिरा पोचायचं, हे उर्सुलाला अजून पाठ होतं. त्याच्यासाठी केलेला एकूण एक खेळ तिच्याजवळ होता. त्याचा आवाज मात्र कुठेच नव्हता. इतक्या रविवारांत तो जपून ठेवावा असं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"काढू नकोस," ती म्हणाली. "दोन-तीन ठिकाणी कॉपी करून ठेव. आईला आज ऐकवणार नाही, पण पुढे कधीतरी त्या स्वतःच मागतील."

संकेत डोळे पुसत तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

"लाव पुन्हा," उर्सुला म्हणाली आणि नीट ऐकू यावं म्हणून उठून तिनं पंखा बंद केला.