मोडक्या चोचीचा मोर

धारूरला माझ्या लेकीची, संस्कृतीची शाळा सुरू झाल्यापासून मी रोज फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहायचे. ती आत रडायची, मी बाहेर. कुणी ढकललं तर? पाणी प्यायची विसरली तर? "तुम्ही दिसता म्हणून ती रडते," बाई सांगून थकल्या. शेवटी म्हणाल्या, "असंच चाललं तर पुढच्या वर्षी आणा तिला."

त्या संध्याकाळी संस्कृतीनं दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. बाईंची चिठ्ठी असणार म्हणून मी धास्तावूनच उघडला, तर चित्र! बघतच राहिले.

शाळेचंच फाटक. समोरासमोर दोन लोखंडी मोर, मधून वेल, वर कमळ. रोज त्याच फाटकापुढं बसते मी, पण डाव्या मोराची चोच मोडलीय हे मला कधी दिसलं नव्हतं. तिनं ती मोडकीच काढली होती. सोनेरी खडू नसावा. पिवळ्यावर तपकिरी घासून घासून पिसाऱ्याला चकाकी आणली होती. आणि एवढ्या देखण्या फाटकाला खाली आडवा लावला होता बाभळीच्या काटेरी फांद्यांचा फास, आमच्या मेंढवाड्याच्या दाराला लावतात तसा! आत कोकरं. लांब डोंगराच्या उतारावर मेंढ्या चरत होत्या. त्याही नुसते पांढरे ठिपके नाहीत. एकीचे कान काळे, एक लंगडी.

सासरे मेंढरं कोंडून आले. त्यांना सगळे आप्पाच म्हणतात. कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "लई झ्याक! ही लंगडी तर आपलीच. मागचाच पाय काढलाय की गं पोरीनं!"

मला मात्र एक मेंढी खुपत होती. एकटीच फाटकाला चिकटलेली, गजांत तोंड खुपसून.

"आन् हे कावून हितंच हाय?" आप्पांनाही ती दिसली. "आपल्या कळपातलं न्हाई हे. लई भेकड दिसतंय."

"ती मम्मी हाय," संस्कृती म्हणाली.

आप्पा खो खो हसले. मला हसू येईना. "कोकरांना कोंडलंय, ती रडत असतील ना गं?"

"न्हाई. त्यांच्या आया चरायला गेल्यात. सांजच्याला येतेत, पाजतेत." मग तिनं फाटकाजवळच्या मेंढीवर बोट टेकवलं. "ही चरायलाच जाईना. मंग दूध कुठून यील?"

दुसऱ्या दिवशी फाटकाशी तिनंच माझा हात सोडला. "मी जाते. तू जा चरायला."

बाई हसल्या. मी लिंबाकडं न बघता बाजाराच्या रस्त्याला लागले. कोपऱ्यावर मात्र राहवलं नाही, वळून पाहिलंच.

संस्कृती गजांतून हात काढून मोराच्या मोडक्या चोचीवरून बोट फिरवत होती. माझ्याकडं तिचं लक्षही नव्हतं.