टाकीवरची पळी

फ्रिज खट् करून थांबला, तेव्हा दुपारच्या शांततेत प्रज्ञाला कळलं, लाईट गेली. मागच्या शेडमधल्या ब्लोअरची घरघरही थांबली. येईलच आता, म्हणून ती लेकीला, यशूला, वरणभात भरवत राहिली. बेलापुरात लाईट अशीच जायची, अशीच यायची.

तिचा नवरा भीमराज शेडात होता. डेअरीच्या दुधाच्या टाकीत शिरून आतला सांधा टिग वेल्डिंगनं जोडत होता. साध्या रॉडनं पातळ स्टीलला भोक पडतं, सांधा खडबडीत राहतो आणि त्या खाचांत दूध नासतं. टिगची टंगस्टनची सुई स्वतः वितळत नाही. तिच्या जाळानं स्टील वितळवायचं, दुसऱ्या हातानं तार भरायची. तापल्या सांध्याला हवा लागू नये म्हणून त्यावर आर्गॉन गॅस सोडायचा. एवढं ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. या गॅसला वास नाही, रंग नाही. हवेहून जड, टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साचतो आणि श्वासाची हवा बाहेर ढकलतो. म्हणून आत ताजी हवा फेकणारा ब्लोअर, म्हणून त्याच्या कमरेला दोर, आणि म्हणूनच तिची पळी. तिनं बाहेरून टाकीवर वाजवायची, त्यानं आतून ठोकून उत्तर द्यायचं.

तिचा घास हातातच राहिला. ब्लोअर बंद पडला. पण आर्गॉनच्या सिलेंडरला कुठं लाईट लागते?

यशूला काखोटीला मारून ती शेडाकडे पळाली. पळी वाजवली. पुन्हा वाजवली. आतून नुसता गॅसचा सूं सूं आवाज. डोकं आत घालावं असं जिवाला झालं, तोच त्याचं बोलणं आठवलं.

"मी पडलो तरी तू आत वाकायचं न्हाई. वाचवणाराबी तिथंच ऱ्हातो."

तिनं सिलेंडर बंद केला, शेजारच्या गॅरेजातल्या श्रीमंतभाऊंना हाका मारल्या, यशूला खाली ठेवलं आणि दोर ओढू लागली. दोर ताणला, हलेना. श्रीमंतभाऊ आले, दोघांनी मिळून त्याला ओढत बाहेर उजेडात आणलं. ओठ काळेनिळे पडले होते. श्रीमंतभाऊ छाती दाबत राहिले, ती गालावर मारत राहिली. मग कुठं त्याच्या घशात घरघर झाली, अन् श्वास आला.

लाईट येईलच म्हणून टिगच्या टॉर्चवरची गॅसची कळ बंद केली नाही, असं तो तुटक तुटक सांगू लागला. श्रीमंतभाऊ त्याला शिव्या घालत दवाखान्यात न्यायला जीप काढायला गेले. मी तरी काय केलं, प्रज्ञाच्या मनात आलं. येईलच म्हणून घास भरवत बसले.

शेडात पुन्हा ब्लोअर घरघरला.

यशूनं पडलेली पळी उचलून बापाच्या तळपायावर हळूच वाजवली. त्यानं जमिनीवर बोट ठोकलं. मग यशू टाकीच्या काळ्या तोंडाकडे बघत राहिली. आतला सांधा अर्धाच झाला होता.

"आई, पप्पा परत आत जानार?"