ओठावरची पुळी

डॉक्टर प्यो यांनी बाळाला कुशीवर वळवलं, पाठ अलगद वाकवली आणि मणक्यात सुई घातली. काचेपलीकडे माल-सुन आजीने श्वास रोखून धरला. जेमतेम दोन आठवड्यांचा नातू. कालपासून दूध ओढेना, अंग ढिलं पडलेलं, कानशिलावर पाणी भरलेल्या बारीक पुळ्या. ही डॉक्टरीण, वय ते काय, पण हात जरा हलेल तर शपथ! आजीला तिचं मनापासून कौतुक वाटलं.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा बाळाच्या शिरेतून औषध सुरूही झालं होतं.

"हर्पिसचा संशय आहे, अशा पुळ्या आणणारा विषाणू. तान्ह्या बाळात तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल, पण मेंदू काही आपल्यासाठी थांबणार नाही. म्हणून औषध आधी. लवकर आणलंत, आशा आहे."

"पण हे आलं कुठून?" आजीच्या मुलाने, तेक-सूने विचारलं.

"बहुतेक वेळा जन्म होताना आईकडून. नाहीतर ओठावर पुळी असलेल्या कुणी मुका घेतला तर."

तेक-सूने बायकोकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं, पण बाकावर बसलेल्या इन-ह्येची मान खाली गेली.

आजीचा हात मास्कवरून ओठाकडे गेला. बाळंतिणीच्या घरात एकवीस दिवस बाहेरचं माणूस येऊ द्यायचं नाही, ही रीत तिने डोळ्यांत तेल घालून पाळली होती. सख्ख्या भावालाही दारातूनच परत धाडलं. सुनेसाठी बाळंतिणीचं समुद्री शेवाळाचं सूप रांधता रांधता ओठावर पुळी आली, तेव्हा शेजारीण फोनवर म्हणाली, "किती राबतेस गं! ओठ फुटला म्हणजे काय!" त्यांच्याकडे अशी पुळी म्हणजे कष्टाची पावती. त्याच ओठांनी तिने नातवाचे मुके घेतले होते. इन-ह्येने ते पाहिलं होतं, तरी आता ती गप्प होती.

पुळी आता सुकली होती. मास्कखाली कुणाला दिसणारही नव्हती.

आजीने मास्क खाली ओढला.

"माझ्याकडून आलंय. पुळी मला होती, मुके मी घेतले. तिच्याकडे काय बघतोस?"

तेक-सूने बायकोवरची नजर काढून आईकडे वळवली.

"आजी, हे कुणाच्या लक्षातच येत नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

"मी सांगितलं म्हणून औषध बदलेल?"

"नाही. गप्प राहिला असतात तरी हेच दिलं असतं."

"म्हणजे बाळाला काही उपयोग नाही."

इन-ह्ये बाकावर थोडी सरकली.

"आई, बसा. सकाळपासून उभ्या आहात."