बी नव्हे, गोचीड

मुलीचा ताप उतरत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "अलीकडे गोचीड चावली होती का?"

"नाही," वडील म्हणाले.

"मानेवर गवताचं बी रुतलं होतं," मुलगी पुटपुटली. "काकांनी तेल लावून ओढून काढलं."

"ती गोचीडच असणार," वडील डॉक्टरीणबाईंना म्हणाले. ते 'बी' कसले, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

जंगलाच्या कडेला दोघा भावांची तंबूंची छावणी होती. थोरला, म्हणजे मुलीचा काका, नोंदणी पाही; धाकटा, तिचा बाप, पाहुण्यांना रानात फिरवून आणी. कुणाच्या अंगावर गोचीड दिसली, की थोरला हसून म्हणे, "गवताचं बी आहे, द्या इकडे." खरे नाव घेतले तर पाहुणे पळतील, अशी त्याला धास्ती. धाकटाही हसून सोडून देई. एवढासा किडा, काय करणार!

त्याच रानात एक संशोधक बाई पांढरे कापड गवतावरून ओढून तपासणीसाठी गोचिडी गोळा करीत. दवाखान्यातूनच धाकट्याने त्यांना फोन लावला.

"मी तुमच्या दादांना उन्हाळ्यातच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "इथल्या दर तीन-चार गोचिडींमागे एकीत रोगाचे जंतू निघाले. चावली की माणूस आजारी पडतोच असं नाही. पण डॉक्टरांना कळायला तर हवं! तुम्हाला ते बोलले नाहीत?"

धाकटा छावणीत आला. "दादा, तुला माहीत होतं?"

"हंगाम तोंडावर होता रे. तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसला असतास?"

"नसतो बसलो. म्हणूनच नाही सांगितलंस."

थोरला नोंदवहीची पाने उलटू लागला.

"पाहुण्यांचं सोड. पोरगी तुझ्याकडे मान दाखवायला आली, दादा. तिलाही बीच सांगितलंस?"

थोरल्याने नोंदवही मिटली. दवाखान्यात जाऊन गोचीड कधी आणि कशी काढली, हे सगळे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले. दिवस जुळले, औषध बदलले. ताप हळूहळू उतरला.

पुढच्या पाहुण्यांना थोरला फाटकातच म्हणाला, "आत गोचिडी आहेत, बऱ्याच रोगट आहेत. विजार मोज्यांत खोचा. परतल्यावर अंग तपासा. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-बिल नको. आणि ताप आला तर डॉक्टरांना आठवणीनं सांगा."

एक कुटुंब माघारी फिरले. बाकीचे खाली वाकून मोजे वर ओढू लागले.

धाकटा अजून भावाशी कामापुरतेच बोलतो. वाचकहो, सावध केल्याने चार माणसे कदाचित दुरावतील. पण आपल्या शब्दावर विसंबलेल्यांना अंधारात ठेवणे हा दगाच आहे, मग तो कितीही हसतखेळत केलेला असो.