पिवळ्या बदकाचा पंख

मित्रांनो, बटणांच्या डब्यात गंजत पडलेली मी एक जुनी पंच सुई आहे. साध्या सुया मला बघून नाक मुरडतात, कारण माझं अंग जाड, पोकळ आणि मूठ लाकडाची. लोकर माझ्या पोटातून जाते. चौकटीवर ताणलेल्या कापडात मी घुसते, मागे येते आणि पलीकडच्या बाजूला लोकरीची एक कडी उभी राहते. भरणाऱ्याच्या समोर असते ती उलटी बाजू.

माझी मालकीण शिवणकाम करायची. बारीक टाका दिसेनासा झाला, तेव्हा लोकरीच्या दुकानातल्या काकूंनी मला तिच्या हाती दिलं. पहिल्या दिवशी तिनं मला अगदी मेटाकुटीला आणलं. शिवणाच्या सवयीनं दर टाक्याला मला हातभर वर उचलायची, की भरलेली कडी निघून यायची. काकूंनी सांगितलं, उचलायचं नाही, कापडावरून घासत पुढे न्यायचं. आणि गाठ मारायची नाही. हे मात्र तिच्या पचनी पडेना. जन्मभर तिनं गाठ मारल्याशिवाय दोरा तोडला नव्हता. गाठ नाही तर कड्या टिकणार कशाच्या जोरावर, असं तिनं विचारलं.

"एकमेकींच्या दाटीवर," काकू म्हणाल्या.

हळूहळू आमचं जमलं. तिची एकुलती एक लेक दूरच्या शहरात दिवसभर खुर्चीत बसून काम करायची, तिची पाठ दुखायची. तिच्यासाठी उशी भरायला घेतली, वर पिवळ्या बदकाचं चित्र. दर फोनवर ती लेकीला म्हणायची, बघायला ये. लेक म्हणायची, पूर्ण झाली की येते.

मग मालकिणीनं अंथरूण धरलं. दिवसाला दहा टाके झाले तरी खूप. तिच्या बोटांतला जोर कमी होत चाललेला मला कळत होता, पण मी सांगणार कुणाला? एक कोपरा भरायचा राहिला आणि ती गेली.

पाहुणे पांगल्यावर लेक खोली आवरू लागली. चौकटीवर पिवळ्या लोकरीचं टोक लोंबत होतं. आईला लोंबता दोरा खपत नसे, म्हणून तिनं तो ओढला. कड्या सरसर सुटल्या. ती थांबेपर्यंत बदकाचा अख्खा पंख निघून आला होता. मूठभर कुरळी लोकर घेऊन ती जमिनीवरच बसली. काकू आल्या तेव्हाही ती तशीच होती.

"काकू, आईचं काम मी उसवलं. परत भरता येईल?"

"येईल. कापड तेच, लोकर तीच. हात तेवढा तुझा."

ती आठ दिवस राहिली. तीही मला हातभर वर उचलायची, हुबेहूब आईसारखी. या वेळी मी कुरकुरले नाही. पंख भरून झाला, कुठे उंच, कुठे बुटका. शेवटचं टोक तिनं ओढलं नाही, कात्रीनं कापलं. कोपरा मात्र कोराच ठेवला. तो आईचा आहे, म्हणाली.

तेव्हापासून मी या डब्यात आहे. मित्रांनो, मला अधूनमधून तेलाचं बोट लावा, लोंबता दोरा ओढू नका, हे तर सांगायचंच आहे. पण हातात अर्धं काम घेऊन कुणी "बघायला ये" म्हणालं, तर जा. अर्धंच बघा.